पानाला भरवलेला घास : गोल्फच्या हिरवळीवरच्या फवारणीचा इतिहास आणि हिशेब



आजच्या विषयाची पाटी वाचून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असणार. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस गोल्फच्या गवतावर कोणतं खत फवारावं यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही आयुष्यात गोल्फ खेळलेलो नाही. त्या खेळाबद्दल आमची मतं फारशी चांगलीही नाहीत, पण ती आज बाजूला ठेवू.

झालं असं, की आमचा एक जुना विद्यार्थी तीन वर्षांपूर्वी घरी आला. एम. ए. ला आमच्याकडे तर्कशास्त्र शिकला, नोकरी मिळेना म्हणून मामाच्या नर्सरीत गेला, आणि आज एका गोल्फ क्लबच्या मैदानाची देखभाल बघतो. त्याने बिलांची एक फाईल आणली होती. ग्रीनवर फवारायच्या चार बाटल्या : एक नत्राची, एक लोहाची, एक अमिनो आम्लांची, एक समुद्रशेवाळाच्या अर्काची. चारही दर पंधरवड्याला एकाच टाकीत मिसळून फवारायच्या. म्हणाला, "सर, गवत चांगलं आहे, तक्रार नाही. पण चौघांतलं काम कोण करतंय तेवढं सांगा. कमिटी खर्च निम्मा करा म्हणते, आणि कोणती बाटली काढू ते मला कळत नाही."

आता हा प्रश्न खताचा आहे का? आमच्या मते तो कारणाचा आहे, आणि कारण हा तर आमचा धंदा. म्हणून आम्ही वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं, की या चार बाटल्यांच्या मागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी ग्रीन म्हणजे काय ते सांगू, कारण इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी ते फक्त टीव्हीवर पाहिलं असेल. गोल्फच्या मैदानात अठरा भोकं असतात. प्रत्येक भोकाभोवती काही शे चौरस मीटरचा तुकडा असतो, तिथे चेंडू हवेत मारायचा नसतो, जमिनीवरून घरंगळवायचा असतो. त्यासाठी गवत गालिच्यासारखं लागतं. आजच्या चांगल्या ग्रीनवर ते जवळजवळ रोज, तीनेक मिलिमीटर उंचीवर कापतात, आणि कापलेलं गवत डब्यात गोळा करून बाहेर टाकतात. थंड मुलखात हे गवत बेंटग्रास जातीचं असतं. उष्ण मुलखात, म्हणजे आपल्याकडे, ते हरळीच्या कुळातलं असतं. हो, हरळी. गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो तीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन यांनी आपल्या हरळीचा एका आफ्रिकी भावंडाशी संकर करून ग्रीनसाठी बारीक पानांच्या जाती काढल्या. टिफग्रीन आणि टिफड्वार्फ ही त्यांची नावं. गंमत म्हणजे याच बर्टन यांच्या बाजरीच्या संशोधनातून 'टिफ्ट २३ ए' हा वाण निघाला आणि त्याच्यावरून आपल्याकडे १९६५ साली एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली. क्लबातल्या साहेबांच्या पायाखाली आणि शेतकऱ्याच्या भाकरीत एकाच माणसाचं काम. असो, हे विषयांतर झालं.

मूळचं ग्रीन मात्र कुणी खत घालून वाढवलेलं नव्हतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे असतात, त्यांना लिंक्स म्हणतात. जमीन इतकी हलकी की नांगराच्या उपयोगाची नाही. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे कुरतडायचे, आणि उरलेल्या आखूड गवतावर लोक चेंडू मारायचे. सेंट अँड्र्यूजला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉम मॉरिस हे मैदानाचे राखणदार होते. म्हातारपणी त्यांना ओल्ड टॉम म्हणत. त्यांची एक कथा सांगतात, की एकदा त्यांच्या हातून वाळूची ढकलगाडी ग्रीनवर उलटली आणि काही दिवसांनी नेमकं तिथलं गवत दाट आलं. कथा खरी असेल वा नसेल, पण ग्रीनवर वाळू पसरायची पद्धत त्यांनी रूढ केली हे खरं. ही कथा लक्षात ठेवा. एक गाडी उलटली, गवत आलं, म्हणून वाळूने गवत आलं. हा तर्क आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

खत ग्रीनवर आलं ते गावातल्या दिव्यांमुळे. हे ऐकायला विचित्र वाटेल. विजेच्या आधी इंग्लंडमधल्या शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या गॅसवर चालत. कोळसा भट्टीत तापवून गॅस काढताना अमोनिया निघतो. तो घाण म्हणून टाकून देण्यापेक्षा गंधकाम्लात पकडला, की अमोनियम सल्फेट तयार होतं. पांढरं, मिठासारखं, नत्र सुमारे २१ टक्के, आणि स्वस्त, कारण ते कुणी मुद्दाम बनवलेलंच नव्हतं. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायचा हाबर-बॉश कारखाना जर्मनीत ओप्पाऊला सुरू झाला तो १९१३ साली. त्याच्या आधीची ही गोष्ट.

त्याच काळात लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने शेतीचे प्रयोग मांडले होते. १८५६ साली त्यांनी पार्क ग्रास नावाचा प्रयोग सुरू केला. एकाच कुरणाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला दरवर्षी ठरलेलं वेगळं खत द्यायचं. एकाला काहीच द्यायचं नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालं, त्यांची माती आम्ल होत गेली. तिथली शेंगावर्गीय झाडं आणि रुंद पानांच्या वनस्पती नाहीशा झाल्या, आणि आम्लता सोसणारी मोजकी गवतं उरली. त्यांत बेंट आणि फेस्क्यू होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने कुरण बिघडलं. पण ग्रीन राखणाऱ्याच्या दृष्टीने? त्याला नेमकं हेच हवं होतं! तण जातं आणि बारीक गवत राहतं.

यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'आम्ल सिद्धांत' निघाला. अमेरिकन शेती खात्यातले पायपर आणि ओकली हे दोघे शास्त्रज्ञ गोल्फ क्लबांना सल्ला देत असत. १९१७ साली त्यांनी गोल्फच्या हिरवळीवर एक ग्रंथ लिहिला आणि १९२० साली अमेरिकन गोल्फ संघटनेचा 'ग्रीन सेक्शन' निघाला. अमोनियम सल्फेट देत राहा, चुना टाळा, तण आपोआप हटेल असं त्या काळी मोठ्या विश्वासाने सांगितलं जाई. काही वर्षं झकास चाललं. मग आम्लता हाताबाहेर गेलेल्या ग्रीन्सवर गवतच मरायला लागलं, आणि चुन्याच्या गोण्या मागच्या दाराने परत आल्या. स्वस्त मीठ वाईट नव्हतं. एका कुरणातलं निरीक्षण सगळीकडे, कितीही काळ लागू पडेल हे गृहीत धरणं वाईट होतं.

इथे एका माणसाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. फ्रेडरिक विन्स्लो टेलर. व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्यांना हे नाव पाठ असेल : हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजणारा. हा गृहस्थ पॅरिसच्या १९०० च्या ऑलिंपिकमध्ये गोल्फमध्ये चौथा आला होता. उतारवयात फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या घरी त्याने ग्रीनच्या गवतावर प्रयोग केले. मातीचे निरनिराळे थर रचायचे, पाणी किती धरतात ते बघायचं, आणि ग्रीन यंत्रासारखं, कुठेही सारखंच तयार करता येईल का ते शोधायचं. १९१५ साली तो वारला. कामगारांच्या बाबतीत आम्हाला त्याचं पटत नाही. पण ग्रीनच्या बाबतीत त्याने बरोबर प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत आणखी पंचेचाळीस वर्षं गेली.

आतापर्यंतचं खत मातीला दिलेलं होतं. पानाला खत द्यायची गोष्ट वेगळ्या गावाहून येते, आणि ती गोल्फची नाही. १८४३ च्या सुमाराला फ्रान्समध्ये युजेन ग्री, नाही, चुकलो, युसेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या झाडांच्या पानांवर हिराकशीचं पाणी लावून पाहिलं आणि पानं हिरवी झाली. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. आपल्याकडे उसावर केवडा पडला, म्हणजे पानं पिवळी-पांढरी पडली, की शेतकरी हिराकस फवारतो. तो उपाय इतका जुना आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं पण मुळांना मिळत नाही. पानावरून दिलं तर मातीचा अडथळाच टळतो.

मग शंभर वर्षं ही गोष्ट फळबागांच्या कोपऱ्यात पडून राहिली, आणि तिला बाहेर काढलं अणुबाँबने. दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी समस्थानिकं प्रयोगशाळांना मिळायला लागली. मिशिगनमध्ये टूकी आणि विटवर यांनी किरणोत्सारी स्फुरद पानावर लावला आणि मोजणीयंत्राने झाडात तो कुठे कुठे पोचला ते पाहिलं. पानातून आत गेलेलं द्रव्य मुळापर्यंत उतरलेलं दिसलं. आतापर्यंत जे अनुमान होतं ते प्रत्यक्ष झालं! १९५४ साली टूकींनी अमेरिकन काँग्रेसच्या अणुऊर्जेवरच्या समितीपुढे त्याबद्दल साक्ष दिली. अणूचे शांततेसाठीचे उपयोग दाखवायचे दिवस होते, त्यामुळे गोष्ट गाजली.

गाजली की विकली जाते. पानावाटे दिलेलं खत मुळावाटे दिलेल्या खताच्या आठपट-दहापट परिणामकारक असतं, हे वाक्य तेव्हापासून खतांच्या जाहिरातींत फिरतं आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या फाईलमधल्या एका पत्रकातही ते होतं. कोणतं द्रव्य, कोणतं झाड, कोणती जमीन, यातलं काहीच त्यात नव्हतं. चुनखडीच्या जमिनीतल्या लोहाबद्दल ते खरं असू शकतं. वाळूतल्या नत्राबद्दल त्याला काय आधार?

कारण पानाला तोंड नसतं. पानावर मेणाचा थर असतो, आणि तो मुळात पाणी आत-बाहेर होऊ नये म्हणूनच असतो. त्यातून, आणि काही अंशी श्वासरंध्रांतून, थोडं थोडं द्रावण आत झिरपतं. रेणू लहान आणि विद्युत्भार नसलेला असेल तर जास्त. युरिया असा आहे. थेंब ओला आहे तोवरच हे काम चालतं, म्हणून फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करायची, दुपारच्या उन्हात नाही. कॅल्शियमसारखी द्रव्यं पानात शिरली तरी तिथून हलत नाहीत. आणि उरलेलं? ते पुढच्या पाण्याबरोबर खाली वाळूत जातं आणि मुळं ते घेतात. म्हणजे बाटलीवर 'पर्णपोषण' लिहिलं असलं तरी गवत त्यातलं बरंचसं मुळानेच खातं. यात काही वाईट नाही. फक्त आठपट कशाच्या, असा प्रश्न पडतो.

मग ग्रीनवर फवारणी निरर्थक आहे का? तसं नाही. टेलरने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर १९६० साली आलं. अमेरिकन गोल्फ संघटनेने ग्रीन बांधायची पद्धत ठरवून दिली : खाली खडी, वर जवळजवळ सगळी वाळूच. पाऊस पडला तरी ग्रीनवर डबकं होत नाही, पायांनी जमीन घट्ट होत नाही. पण वाळू अन्नद्रव्य धरून ठेवत नाही. एकदम खत द्याल तर पहिल्या मोठ्या पावसात ते वाहून खालच्या नाल्यात जातं. त्यातच १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसनने केलेलं एक साधं उपकरण १९७८ पासून क्लबांना मिळायला लागलं. लाकडी पट्टीच्या खाचेतून चेंडू सोडायचा आणि तो किती फूट घरंगळतो ते मोजायचं. आता त्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्या असतात. ग्रीनचा वेग आकड्यात आला आणि क्लबाक्लबांत चढाओढ लागली. वेग हवा तर गवत आखूड हवं, आणि गवत हळू वाढायला हवं, म्हणजे नत्र बेतानेच. दुसरीकडे १९६६ पासून मास्टर्स स्पर्धा रंगीत टीव्हीवर दिसायला लागली होती, त्यामुळे प्रत्येक क्लबाच्या सभासदाला आपलं मैदान ऑगस्टासारखं गर्द हिरवं हवं झालं. गवत उपाशी पण हवं आणि तुकतुकीतही हवं! या दोन हट्टांमधला मार्ग म्हणजे दर आठवड्या-पंधरवड्याला चमच्याने भरवल्यासारखं पातळ द्रावण फवारणं. लहान मुलाला घास भरवावा तसं. पद्धत शहाणपणाची आहे. वाद आहे तो चमच्यात काय आहे आणि त्याचे किती घेतात यावर.

आता थोडा हिशेब. कंटाळू नका, शाळेतलाच आहे. समजा अठरा ग्रीन्स, प्रत्येकी ५०० चौरस मीटर. एकूण ९,००० चौरस मीटर. एका फवारणीत चौरस मीटरला अर्धा ग्रॅम नत्र, हे चमचाभर भरवण्याचं साधारण प्रमाण. म्हणजे साडेचार किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा पावणेदहा किलो युरिया पुरे. अमोनियम सल्फेट घेतलं तर साडेएकवीस किलोच्या आसपास. आणि वीस किलोच्या कॅनमध्ये नत्र १० टक्के असेल तर सव्वादोन कॅन. आता कॅनची किंमत दोनने भागा, कारण त्यात नत्र दोनच किलो आहे. युरियाच्या ५० किलोची किंमत तेवीसने भागा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाकी पत्रक वाचायची गरज उरत नाही. मात्र एक सांगतो. शेतकऱ्याला मिळणाऱ्या अनुदानाच्या युरियाची किंमत इथे धरू नये. ते अनुदान तुमच्या-आमच्या करातून शेतीसाठी दिलेलं आहे, क्लबाच्या हिरवळीसाठी नाही. बिनअनुदानाचा भाव धरूनही कॅनचा नत्र महागच पडतो.

स्वस्त मिठाच्या बाजूचे खर्चही सांगितले पाहिजेत, नाहीतर आम्हीही जाहिरातदारच ठरू. युरिया पाण्यात विरघळताना पाणी गार होतं, आणि गार पाण्यात तो सावकाश विरघळतो. म्हणून माणसाला आधी तासभर बादल्या ढवळत बसावं लागतं. दाणेदार खतात कचरा असतो, तो गाळला नाही तर नोझल तुंबतात. युरियात बाययुरेट नावाचा एक उपपदार्थ असतो. खत म्हणून विकल्या जाणाऱ्या युरियात तो दीड टक्क्यापर्यंत चालतो, पण पानावर मारायचा असेल तर जितका कमी तितका बरा. लिंबूवर्गीय झाडांना तो फार बाधतो, गवत त्या मानाने सोशिक. हिराकशीत लोह वीस टक्के आणि ती फार स्वस्त, पण टाकीत स्फुरदाबरोबर मिसळली तर साका बसतो, आणि फरशीवर सांडली तर तांबडे डाग जन्मभर जात नाहीत. आमच्या विद्यार्थ्याने सुरुवातीला अमोनियम सल्फेट अंदाजाने जास्त घेतलं आणि एप्रिलच्या दुपारी बारा वाजता फवारलं. दुसऱ्या दिवशी तीन ग्रीन्सवर पंपवाल्याच्या पावलांच्या वाटेने तपकिरी पट्टे उठले. ते भरून यायला महिना गेला आणि कमिटीचं बोलणं ऐकावं लागलं ते वेगळंच. तयार द्रवाच्या किमतीत ही धास्ती टाळल्याचे पैसेही असतात. ज्याच्याकडे माणसं कमी आहेत त्याने ते दिले तर आम्ही त्याला मूर्ख म्हणणार नाही.

पण तीच बाटली 'चिलेट' म्हणून चौपट किमतीला घ्यायची, तर थांबून विचार करावा. चिलेट म्हणजे लोहाला रेणूच्या चिमट्यात धरून ठेवणं. फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांत १९५० च्या दशकात त्याचं महत्त्व दिसलं, कारण मातीत मोकळं लोह लगेच अडकून पडतं आणि चिमट्यातलं पडत नाही. म्हणजे चिमटा हवा मातीसाठी. पानावर फवारताना माती मध्ये येतच नाही. मग चिमट्याचे पैसे कशाचे? टाकीत साका बसत नाही, डाग कमी पडतात, एवढ्या सोयीचे. ती सोय हवी असेल तर घ्या, पण ती सोय आहे हे जाणून घ्या.

अमिनो आम्लांची बाटली ही त्याहून मजेची. तिच्यावर लिहिलं होतं, की हा 'सेंद्रिय, सजीव नत्र' आहे म्हणून गवत तो ओळखतं. हे वाचून आम्हाला हसू आलं, कारण तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही तीस वर्षं युरियाचंच उदाहरण देत आलो. १८२८ साली व्होलरने अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत युरिया केला. जो पदार्थ तोवर सजीवाच्या मूत्रपिंडातच तयार होतो असं मानत, तो काचेच्या भांड्यात तयार झाला. त्या एका प्रयोगाने 'जीवनशक्ती'ची कल्पना मेली असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ती अतिशयोक्ती आहे, ती कल्पना पुढे पुष्कळ वर्षं रेंगाळली. खताच्या दुकानात तर ती अजून धडधाकट आहे. आर्कान्सा विद्यापीठात संशोधकांनी नत्राच्या जड समस्थानिकाची खूण लावून बेंटग्रासच्या ग्रीनवर निरनिराळे नत्र फवारले आणि पानाने किती घेतलं ते मोजलं. पोटॅशियम नायट्रेटमधला नत्र पानाने कमी घेतला. आणि साधा युरिया अमिनो आम्लांच्या मागे पडला नाही.

दुसरा मोठा खर्च असतो तो नको असलेल्या द्रव्यांचा. २०१२ साली मायका वुड्स, लॅरी स्टोवेल आणि वेंडी गेलर्न्टर यांनी हजारो मातीपरीक्षणांतून, म्हणजे जिथे गवत उत्तम चाललं आहे अशा जागांच्या परीक्षणांतून, किमान पातळ्यांचा एक तक्ता काढला. त्यात पालाश ३७ आणि स्फुरद २१, दहा लाख भागांत. मेहलिक-३ पद्धतीने तपासलेल्या मातीत याहून जास्त असेल आणि वर्षभराची कापणी जाऊनही तेवढं उरणार असेल, तर ते द्रव्य विकत घ्यायचं कारण नाही. गवताच्या वाळलेल्या कापणीत नत्र चार टक्के धरला तर पालाश दोन आणि स्फुरद अर्धा टक्का असतो. डब्यातून बाहेर गेलं तेवढं परत द्यायचं, एवढंच सूत्र. आमच्या विद्यार्थ्याच्या मातीत स्फुरद भरपूर होता, आणि तो वर्षानुवर्षं बाटलीतून आणखी विकत घेत होता.

तरी त्याचा मूळ प्रश्न शिल्लकच होता. चौघांतलं काम कोण करतंय? चारही एकत्र फवारल्यावर दोन दिवसांत ग्रीन गर्द होतं, हे तो डोळ्यांनी बघत होता. आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. शास्त्रात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. आमचे नैयायिक याच्यावर उपाय सांगून गेले आहेत : अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे असतं, एवढं पुरत नाही. ते नसताना हे नसतं, हेही दिसलं पाहिजे. फवारणी करणारा माणूस रोज अन्वय बघतो. व्यतिरेक बघायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं, कारण त्यासाठी एक तुकडा मुद्दाम उपाशी ठेवावा लागतो. रॉथमस्टेडच्या कुरणात बिनखताचा तुकडा होता तो यासाठीच. १९१९ साली तिथे रोनाल्ड फिशर आले. कोणत्या तुकड्याला काय द्यायचं ते आपण ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं, नाहीतर आपला लाडका उपाय आपण नकळत चांगल्या तुकड्याला देतो, हे त्यांनी गणिताने पक्कं केलं. टॉम मॉरिसांच्या उलटलेल्या गाडीत निदान चिठ्ठीचा भाग होता म्हणायचा!

मग आम्ही त्याला सांगितलं, की प्लायवूडचा चार फुटी तुकडा घे. एका वेळी एकच बाटली फवार, आणि फवारताना तो तुकडा ग्रीनवर ठेव, जागा चिठ्ठीने ठरव. मग काढून घे आणि तीन-चार दिवस बघ. बाटली काही करत असेल तर प्लायवूडचा चौकोन फिका दिसेल. नसेल तर तुला चौकोन सापडणार नाही. आणि कोणती बाटली मारली ते ठाऊक नसलेल्या माळ्याला शोधायला सांग, तू शोधू नकोस.

हीच गोष्ट आम्ही पुढे निफाडकडे एका व्याख्यानात सांगितली. व्याख्यान झाल्यावर एक द्राक्ष बागायतदार भेटले, वयाने आमच्याच बरोबरीचे. त्यांनी फवारणीची वही काढून दाखवली. १९:१९:१९, ०:५२:३४, ०:०:५०, आणि मध्ये मध्ये अशाच अमिनो आणि शेवाळाच्या बाटल्या, उधारीवर आणलेल्या. आम्ही म्हटलं, दोन वेली ताडपत्री लावून सोडून बघा की. ते म्हणाले, "सर, सोडलेल्या वेलींचं नुकसान झालं तर ते कोण भरणार? आणि दुकानदाराला कळलं तर पुढच्या हंगामाला उधारी देईल का?" आम्ही गप्प झालो. क्लबाच्या हिरवळीवर चौकोन फिका पडला तर एखाद्या साहेबाचा चेंडू दोन इंच चुकतो. इथे घरातलं लग्न पुढे जातं. ज्याला प्रयोग परवडतो त्याला उत्तराची घाई नसते, आणि ज्याला उत्तर हवं आहे त्याला प्रयोग परवडत नाही. ही दोन टोकं जोडायचं काम खरं तर कृषी विद्यापीठांचं आणि सरकारचं. बाटली बाजारात यायच्या आधी कुणीतरी ताडपत्री लावलेली असली पाहिजे. यावर आमच्याकडे दुसरं उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

विद्यार्थ्याचं काय झालं ते सांगून थांबतो. नत्राच्या बाटलीचा चौकोन माळ्याला लगेच सापडला. लोहाचा त्याहून आधी, दुसऱ्याच दिवशी. बाकी दोन्हींचे चौकोन शोधत तो बिचारा गुडघ्यावर बसून ग्रीनभर फिरला आणि दोन्ही वेळा भलतीच जागा दाखवली. आता तिथे युरिया, थोडं अमोनियम सल्फेट आणि हिराकस फवारतात, आणि पोरगा आदल्या संध्याकाळी बादल्या ढवळत बसतो. अमिनोची बाटली गेली. शेवाळाची राहिली. का, तर कमिटीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना फवारणीच्या दिवशी मैदानावर समुद्राचा वास येतो तो आवडतो. विद्यार्थी म्हणाला, "सर, वासाचं बिल मी खताच्या खात्यात टाकायचं की करमणुकीच्या?" आम्ही त्याला सांगितलं, की तो प्रश्न आता तत्त्वज्ञानाचा राहिला नाही, खजिनदारांना विचार.

कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारावं.